उज्ज्वलाताईंच्या चित्राखालचे तीन शेरे

हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. आईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, आणि ज्यांच्याशी रोज चित्रांच्या गप्पा मारते त्या तुम्हा ग्रुपवाल्यांना तर नाहीच. गेल्या महिन्यात एका बाईंना तोंडानं सांगितलं, ते कसं घडलं ते पुढे येईलच. पण लिहून, असं सगळ्यांसमोर — ही पहिलीच वेळ. त्यामुळे थोडं अडखळत जाईल.

ग्रुप सुरू होऊन नऊ वर्षं झाली म्हणून ग्रुप चालवणाऱ्या नितीननं अमरावतीहून सगळ्यांना सांगितलं, की प्रत्येक वर्षाचं एकेक चित्र शोधा, ओळीनं लावा आणि टाका. आपण कुठून कुठे आलो ते दिसेल. मला फार आवडलं ते. हौसेनं चित्रं काढणाऱ्या माणसाला कुठे परीक्षा असते की प्रमाणपत्र? जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी ठेवायचं, हीच आमची गुणपत्रिका.

एका रविवारी दुपारी बसले. पहिल्या वर्षाचं चित्र आईचं. तेव्हा माझ्याकडे पेन नव्हतं, टॅब्लेट नव्हता. अकोल्याच्या घरी पलंगावर बसून फोनवर बोटानं काढलं होतं. आईनं ते बघून विचारलं होतं, "हे कोन होय वं?" दुसऱ्या वर्षी अमरावतीहून पेन-टॅब्लेट आणला. रेष जरा सरळ झाली. ही दोन्ही चित्रं मी हसत हसत लावली.

तिसऱ्या वर्षाशी येऊन थांबले. त्या वर्षीचं कोणतं चित्र लावू? त्या वर्षी मी जे केलं ते चित्र नव्हतंच.

एक गोष्ट आधी सांगते. मी एका दवाखान्यात एक्स-रे काढते. "हलू नका, श्वास धरा" — दिवसभर हेच. लोकांच्या हाताची हाडं मला त्यांच्या चेहऱ्यांपेक्षा जास्त ओळखीची. आणि तरी मला हात काढता येत नसत. गंमत आहे ना? माझ्या चित्रांतल्या बायका कायम हात पदराखाली घेऊन उभ्या असायच्या, पुरुषांचे हात खिशात. 'कवडसा' या नावानं मी चित्रं टाकत होते आणि लोक म्हणायचे, काय शांत चित्रं आहेत. शांत कसली — लपवलेली होती ती. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या येत होतं.

त्या वर्षी उज्ज्वलाताई ग्रुपात आल्या. तेल्हाऱ्याच्या, अंगणवाडीत सेविका. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठ्या. टाइप करायचा कंटाळा म्हणून बोलूनच पाठवायच्या, मागे लेकरांचा कल्ला. "मी उज्ज्वला. मले कोनी शिकवलं नाई बापा. चुकलं त सांगजा." एवढी ओळख, आणि त्यासोबत एक चित्र. तडा गेलेल्या फोनवर, बोटानं काढलेलं.

अंगणवाडीतला टांगता वजनकाटा. झोळीत एक बाळ. आणि खाली त्याच्या आईचे दोन हात — बाळाला टेकलेले नाहीत, पण खाली धरलेले. पडलं तर झेलायला. बस. आईचा चेहरासुद्धा चित्रात नव्हता.

मी ते किती वेळ पाहत बसले होते, सांगता येणार नाही. मला आवडलं. आवडलं म्हणूनच पोटात काहीतरी जळलं. तीन वर्षं मी जे पदराखाली लपवत होते, ते या बाईंनी चित्राच्या मधोमध आणून ठेवलं होतं. शेकडो लोक त्या चित्राखाली कौतुक लिहून गेले. नितीननं लिहिलं, अमरावतीला आपलं पहिलं प्रदर्शन होईल तेव्हा हे चित्र दारातून आत आल्या आल्या लावायचं. त्याच दिवशी मी टाकलेल्या चित्राला चौदा जणांनी पसंती दिली होती. चौदा — अजून लक्षात आहे. यावरून ओळखा.

तुम्ही म्हणाल, मत्सर कुणाला वाटत नाही? वाटतो. पण मी तिथे थांबले नाही.

मी दुसरं खातं उघडलं. त्याला नाव दिलं एका निवृत्त कलाशिक्षकाचं, गाव पुणे. फोटोच्या जागी बरणीत उभे केलेले ब्रश. आणि त्या नावानं, तसल्या भाषेत मी ताईंच्या चित्राखाली लिहिलं —

"भाव बरा आहे, परंतु शरीररचनेचे प्राथमिक ज्ञान नाही. बोटाला तीन पेरे असतात. आपण चार काढली आहेत."

चूक खरी होती. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला एक वाक जास्त होता. दिवसभर हाडं पाहणाऱ्या बाईलाच दिसेल अशी चूक. माझं पोट भरायचं ज्ञान मी पहिल्यांदा चित्रासाठी वापरलं — ते असं.

भाषा पुण्याची का घेतली? कारण मला एक ठाऊक होतं: आपल्याकडे त्या भाषेपुढे माणूस आधी हरतो, मग ऐकतो. शाळेत मी स्वतः हरले होते. "मले" म्हटलं की वर्ग हसायचा. ती जागा कुठे दुखते ते मला बरोबर माहीत होतं, आणि मी तिथेच बोट ठेवलं.

ताईंनी खाली लिहिलं, "चुकलं सर. पाह्यते." आणि मग मला, एकटीला, बोलून निरोप पाठवला. तो मी पुसून टाकला, पण शब्दन् शब्द आठवतो. "अर्चना, तू त हॉस्पिटलात काम करते. बोटाले पेरं तीनच असतात का वं? मी आपल्या बोटाकडे पाहून राहिली, त मले बी तीनच दिसते. मंग म्या चार कशे काढले?"

आवाजात राग नव्हता. खरंच नवल वाटत होतं त्यांना.

मी काय उत्तर दिलं? "हो ताई, तीनच." एवढंच. तेव्हा सांगता आलं असतं ना, की ताई, एक पेर जास्त झालं तरी तो हात खरा आहे? नाही सांगितलं.

पंधरा दिवसांनी दुसरा शेरा. "अशिक्षित रेषेला लोककला म्हणून खपवण्याची हल्ली पद्धत पडली आहे." तिसरा प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी. "कौतुक करणाऱ्यांनी आपली दिशाभूल केली आहे. आधी शिकावे, मग दाखवावे."

तिसरा शेरा लिहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी ताईंनी नितीनला कळवलं की माझं चित्र लावू नका. त्यानं समजावलं, फोन केले. त्या आल्या नाहीत. मग ग्रुपातूनही गेल्या. दारासमोरची जागा रिकामी राहिली, आणि नितीन मला म्हणाला, "तुझं लावू?"

मी हो म्हटलं.

आई मुद्दाम अकोल्याहून नवं लुगडं नेसून अमरावतीला आली होती. माझ्या चित्रासमोर उभी राहून तिनं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "हे माया पोरीनं काढलं." त्या चित्रात एक बाई खिडकीशी उभी होती. हात पदराखाली. आईच्या त्या दिवशीच्या चेहऱ्याकडे मी पाहू शकले नाही, हे तिला आजही माहीत नाही. घरी जाऊन मी ते कलाशिक्षकाचं खातं बंद केलं. जसं काही ते बंद केलं की संपलं!

त्यानंतर मी हात काढायला शिकले. पश्चात्तापानं शिकले असं लिहिलं तर छान वाटेल. पण खरं तसं नाही — भीतीनं शिकले. उद्या कुणी माझ्या चित्राखाली तेच लिहिलं तर? वर्षभर रोज एक हात. एक्स-रेच्या प्लेटवर ठेवलेले, प्लास्टरमधले, निंदणीनं चिरलेले, मेंदी लावलेले. चौथ्या वर्षापासूनच्या माझ्या चित्रांत हात आहेत, आणि तुम्हीच मला कितीदा लिहिलंत की 'कवडसा'चे हात म्हणजे काय सांगावं! प्रत्येक वेळी मी आभार मानले. नवी मुलं विचारायची, ताई, हात कसे जमले? मी म्हणायचे, सराव.

तर त्या रविवारी माझ्यासमोर आठ चित्रं होती आणि मधे एक भोक. कुठलंही एक चित्र उचलून तिथे टाकता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण हात पुढे जाईना. सोमवारी रजा टाकली आणि अकोटची एसटी धरली. अकोटला गाडी बदलून तेल्हारा. वाटेत दोनदा वाटलं, उतरावं आणि परत जावं. जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडला होता, गाडी थांबली होती, उतरणं सोपं होतं. का बसून राहिले ते नीट सांगता येत नाही.

अंगणवाडी सापडायला वेळ लागला नाही. ताई दारातच होत्या. केस पांढरे झालेले. मला त्यांनी फोटोवरून ओळखलं आणि खुश झाल्या — खुश! "अर्चना होय ना वं? ये, ये. काहून आली इतक्या लांब?"

पाणी प्यायच्या आधी मी सांगून टाकलं. "ताई, तो पुण्याचा सर... तो मीच होती."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. लेकरं ओरडत होती, मदतनीस बाई खिचडीचं पातेलं उतरवत होत्या, आणि ताई माझ्याकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या,

"म्या त्या सरले जवाब लिवला होता. कितीदा लिवला न् खोडला. त्याच्यासारखी भाषाच ये नाई मले." मग थांबून, "तू आपल्या भाषेत लिवलं असतं ना, त म्या भांडली असती तुह्यासंग. चांगली भांडली असती."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ते राहू दे आता. बाहीर बस. लेकराईले जेवू घालायचं हाय."

मी पायरीवर बसले. तासभर असेन. लेकरं जेवून पांगली तेव्हा त्यांनीच आत बोलावलं, आणि मग मला भिंत दिसली.

पूर्ण भिंत. छतापासून लेकरांच्या उंचीपर्यंत, वरचा एक कोपरा तेवढा कोरा. वावरात ओळीनं निंदणाऱ्या बाया, शेळीला पाला चारणारी म्हातारी, हंडा उचलून देणाऱ्या दोघी, आणि खाली एक कोंबडी आणि तिची अकरा पिल्लं. रंग उरलेसुरले असावेत, कुठे ऑइलपेंट, कुठे गेरू. ग्रुप सोडल्यावर दोन वर्षं त्यांनी काहीच काढलं नव्हतं. मग भिंतीवरच्या छापील चित्रांचे रंग उडाले म्हणून लेकरांसाठी एक कोंबडी काढली. दुसऱ्या दिवशी एक पोरगी विचारू लागली, हिची पिल्लं कुठं हायत? "मंग काढावं लागले ना," ताई म्हणाल्या. हे सांगताना पहिल्यांदा हसल्या. माझ्याकडे पाहून नाही — कोंबडीकडे पाहून.

मी सवयीनं बोटं मोजली. प्रत्येक बोटाला तीन पेरं. एकही चुकलेलं नव्हतं. ते पाहून मला बरं वाटलं नाही; तो शेरा त्या विसरल्या नव्हत्या. पण ती भिंत माझ्यामुळे झाली नव्हती, आणि माझ्यामुळे थांबलीही नव्हती. मोजलेली पेरं सोडली तर तो खोटा सर तिथे कुठेच नव्हता. तिथे उभं राहून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मला दुसऱ्याचं चित्र पाहून नुसता आनंद झाला. पोटात काही जळलं नाही.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. "मले सांगून काय होते?" म्हणाल्या. "मले वाटे, तो सर म्हातारा होऊन मेला असन. ज्यायनं ते वाचलं, त्यायले सांग."

घरी येऊन लिहायला घेतलं. तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा ते स्वच्छ, घोटीव, शहाणं उतरलं — त्या कलाशिक्षकानंच लिहिल्यासारखं. तिन्ही कागद फाडले. चौथ्यांदा जसं सुचेल तसं लिहिलं, ते तुम्ही वाचत आहात. या माणसांत आता मला जागा राहील की नाही, ठाऊक नाही. तुमच्यातल्या दोघी-तिघींनी त्या काळात ताईंच्या बाजूनं त्या सरांशी वाद घातला होता. तुम्ही माझ्याशी भांडत होतात. नवी मुलं विचारायची हात कसे जमले, त्यांना मी अर्धंच सांगितलं होतं. बाकीचं हे.

काल दुपारी दवाखान्यात असताना ताईंचा फोटो आला. भिंत पुरी झाली आहे. वरच्या कोपऱ्यात आभाळ राहिलं होतं, तेही रंगवलंय. सोबत बोलून पाठवलेला निरोप, मागे तोच कल्ला. "हे टाकजो ग्रुपवर. माया नावानं टाकजो, पुऱ्या."

माझ्याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. मी दोनदा ऐकला, आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

आज सकाळी तो फोटो टाकला आहे — उज्ज्वला वानखडे, तेल्हारा. चित्र मोठं करून बघण्यासारखं आहे. त्याच्या खाली हे माझं. मी अर्चना.