व्यसन नाय, नुसती तंबाखू

तुमच्याशी बोलताना एखादा माणूस तुमच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवाल?

करमाडच्या आमच्या गल्लीने पालिशीवाल्या मामांवर ठेवला. मी नाही ठेवला. विम्याला आमच्याकडे पालिशी म्हणतात, आणि ती विकणारा घरोघरी चहा पितो म्हणून मामा. ओट्यावर टेकले की मामा आधी दुखणी विचारायचे. कुणाचे गुडघे, कुणाची शुगर. ही माया की माल पारखणं, मला कळायचं नाही. नजर मात्र बोलणाऱ्याच्या तोंडात. "मामा आला, तोंड मिटा गं," असं बाया हसून म्हणायच्या.

मरण हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. "काही कमी-जास्त झालं तर," एवढंच. मी एकदा टोकलं, कमी होतं ते माणूस, मग जास्त काय होतं?

"जबाबदारी," असं म्हणून त्यांनी बशीतला चहा भुरकला. ज्यांच्याकडे छान उत्तरं तयार असतात, त्यांची मला भीती वाटते.

शेजारचे रफिकचाचा शेंद्र्याच्या एका कारखान्याची बस चालवायचे. त्यांची पालिशी निघाली तेव्हा मी तिथेच होते. मामांनी विचारलं, काही व्यसन? चाचा नाही म्हणाले, अगदी खरेपणाने. आमच्याकडे व्यसन म्हणजे दारू. तंबाखू व्यसनात धरत नाहीत, ती पाहुण्यापुढेही करतात. मामांनी 'नाही' लिहिलं आणि चाचांनी तोंडातला बार या गालातून त्या गालात सारला.

मागच्या वर्षी छातीत कळ येऊन चाचा गेले. संभाजीनगरहून कंपनीचा तपासनीस आला. त्याने चाचांच्या बायकोला, नसीमखालाला, तोच प्रश्न विचारला. खाला ताठ मानेने म्हणाली, "कोई ऐब नहीं था उनमें. बस, तंबाकू खाते थे."

दावा नामंजूर. माहिती लपवली म्हणे. त्या पैशांवर खालाची मुलगी नर्सिंग शिकणार होती. एका शब्दाचा अर्थ कंपनीच्या टेबलावर वेगळा आणि आमच्या ओट्यावर वेगळा, म्हणून मेलेला माणूस खोटारडा ठरला.

मी मामांना गाठलं. गावाचे दात बघत फिरता, चाचांचे दिसले नाहीत का?

"दिसत होते की. तंबाखू लिहिली असती तर हप्ता वाढला असता, अन् रफिक उठून गेला असता."

"म्हणजे तुमचं कमिशन गेलं असतं."

"ते बी गेलं असतं," मामा म्हणाले. "अन् त्याचा विमा बी."

नंतर त्यांनी कंपनीला लिहून दिलं : मी फक्त व्यसन विचारलं, तंबाखू विचारली नाही, दोष माझा. एजन्सी गेली. ते पाचोडला लेकीकडे निघून गेले. जाताना कुणाकडे चहाला थांबले नाहीत. हा पश्चात्ताप होता, की जुन्या पालिशी उकरल्या जाण्याआधीची घाई? मी अजून ठरवू शकले नाही. तरी त्यांची बाजू कुणी घेतली की मला बरं वाटतं, हेही खरं.

खालाचं अपील चालू आहे. एकट्या एजंटचा शब्द कसा धरायचा, असं कंपनी विचारते. म्हणून मामांकडून पालिशी घेतलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. तुम्हालाही त्यांनी एवढंच विचारलं होतं ना, काही व्यसन? मग तसं लिहा, खाली सही करा आणि नसीमखालाच्या घरी आणून द्या. तंबाखू खात असाल तर तेही लिहा. तुमची पालिशी अडचणीत येईल, हे मला कळतं. तरी या.