आईचे दात आणि दोन कॅमेरे

आवक-जावक विभागातल्या या कारकुनाला ऑफिसात सगळे ‘फोटोग्राफर’ म्हणत. त्याने जन्मात एकही फोटो काढलेला नव्हता, पण कॅमेऱ्यांवर बोलायला लागला की टपालाचे गठ्ठे तसेच पडून राहत. ऐपत होती एकाच जुन्या कॅमेऱ्याची, आणि जीव अडकला होता दोन कॅमेऱ्यांत. एक छोट्या रिळाचा, छत्तीस फोटो देणारा, खिशाला परवडणारा. दुसरा मोठ्या रिळाचा. त्यात फोटो बाराच, पण असे बारकावे की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. यानं दोन्हींच्या फोटोंच्या आकाराप्रमाणे पुठ्ठ्याच्या दोन चौकटी कापल्या होत्या, छोट्या रिळाची लांबट, मोठ्याची चौरस. त्या आलटून पालटून डोळ्यासमोर धरत तो घरभर फिरे.

घाई होती ती आईला. तिचे पुढचे दात हलत होते आणि डॉक्टरने सगळे काढायला सांगितले होते. म्हातारीची हौस एवढीच, की स्वतःच्या दातांनी हसतानाचा एक फोटो असावा. आजवर प्रत्येक फोटोत ती ओठ मिटून बसली होती, कारण बाईमाणसानं दात दाखवलेले आधी वडिलांना खपत नव्हते, मग नवऱ्याला. धाकटी बहीण म्हणाली, मी मोबाइलवर काढते की. त्यावर या गृहस्थांनी नाक मुरडलं. विजेच्या बिलाचा काढावा तसा आईचा फोटो काढायचा का, असं तिला सुनावलं.

आई रोज केस विंचरून खिडकीपाशी बसे आणि हसे. हा चौकटी बदलून बघे आणि ऑफिसातल्या फाइलीवर मारावा तसा शेरा मारे: विचार चालू आहे. डॉक्टरची तारीख त्यानं दोनदा पुढे ढकलायला लावली. राग येतो तो याचाच, की त्याचा आईवर खरोखर जीव होता.

शेवटी हिरड्या सुजल्या, ताप चढला आणि बहिणीनं आईला थेट दवाखान्यात नेलं. तेव्हा हा दुकानात मोठ्या रिळाच्या कॅमेऱ्यासाठी घासाघीस करत होता. विजयी मुद्रेनं घरी आला, तर आई तोंडात कापूस धरून बसलेली.

पहिल्या रिळातले अकरा फोटो भिंत, नळ आणि कपाटाची कडी यांवर ‘अंदाज घेण्यात’ गेले. बारावा आईचा. तो असा उतरला की एकेक केस मोजून घ्यावा. ऑफिसात हातोहात फिरला, साहेबांनीही मान डोलावली. संध्याकाळी त्यानं तो आईसमोर धरला.

तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला. फोटोतल्या मिटलेल्या ओठांवर बोट ठेवलं.

“छान आलाय रे,” ती म्हणाली. “इतकं स्पष्ट येतं, म्हणजे दातही दिसले असते.”