मॉलच्या दारात पाटी शोधणारे भाऊजी

लोकहो, आज डोकं फिरलंय!

टेक्सासहून आलेले माझे धाकटे दीर मॉलच्या दारातच थबकले. "वहिनी, पिस्तूलबंदीची पाटी कुठे दिसत नाही?" तिकडे त्यांच्याकडे पिस्तूल लपवून बाळगायचं लायसन्स आहे, त्याची ही सवय.

मग भर दारात लेक्चर! अमेरिकेत म्हणे एका राज्यात पाटी असताना पिस्तूल घेऊन आत गेलात की गुन्हा, दुसऱ्या राज्यात कुणी हटकल्यावर बाहेर पडलात की विषय खलास. मागे लोक खोळंबलेले.

"भाऊजी, हळू बोला! दुबई आहे ही. यल्ला, आत चला!"

तेवढ्यात त्यांच्या छोट्या रियाने माझा हात घट्ट धरला. "काकू, नो साइन? सो एव्हरीवन हॅज अ गन हिअर?"

इथे कुणी पिस्तूल बाळगतच नाही, मग पाटी कशाला? पण पाटी नाही म्हणून भेदरलेलं मूल मी पहिल्यांदाच पाहिलं. आता चिडू तरी कुणावर?