पंचांसमोर वाचलेली वही

नोकरीतले खून-दरोडे मी बरेचसे विसरलो. कापसाच्या गंजीला लागलेल्या आगीचा तो तपास मात्र इतकी वर्षे झाली तरी मनातून जात नाही. त्यात मी एका निर्दोष माणसाची सुटका केली आणि त्याच हातांनी त्याचे घर उघड्यावर आणले.

एरंडोलच्या बाजूला बाजारपेठेचे एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण त्या घरची माणसे अजून तिथेच राहतात. राज्य इंग्रजांचे होते आणि मी त्या गावी फौजदार होतो. फाल्गुनात एका भर दुपारी जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या, आवारातल्या गंजीने पेट घेतला. तिच्या सावलीला झोपलेला म्हातारा रखवालदार जागीच जळून मेला.

संशय गेला पेठेतल्या एका कापड दुकानदारावर. घराणे दोन पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेले, धर्माने जैन. माणूस इतका मवाळ की गिऱ्हाइकाने दहा तागे उलगडायला लावून काही न घेता पाठ फिरवली, तरी हा हसून पाणी विचारायचा. पण जिनिंगच्या मालकाने आवारातल्या कुत्र्यांना विष घातले, तेव्हा याने भर पेठेत त्याला गाठले आणि "तुझ्या गंजीला आग लागेल!" असे चार लोकांदेखत ओरडला. दुसऱ्याच दिवशी ती आग लागली. वर त्या दुपारी दुकान बंद करून तो दोन-तीन तास गावाबाहेर गेलेला. मी त्याला ठाण्यात आणून बसवले.

"दुपारी कुठे होता?"

"गावाबाहेर."

"गावाबाहेर म्हणजे कुठे?"

"ते नका विचारू, साहेब. आग मी लावली नाही."

"आग लागेल असं म्हणाला होता ना?"

"म्हणालो. तेही पापच झालं माझ्याकडून."

दोन दिवस हेच चालले. गुन्हेगाराला 'कुठे होतास' विचारले की तो चटकन एखादी जागा सांगतो, कारण ती त्याने आधीच ठरवून ठेवलेली असते. याने खोटीसुद्धा जागा सांगितली नाही. हे मला तेव्हाही समजत होते. पण वरून तपासाची विचारणा सुरू झाली होती, आणि मेलेल्या रखवालदाराची म्हातारी रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसत होती.

तिसऱ्या दिवशी आमच्या एका शिपायाने बातमी आणली. तो दुकानदाराच्याच गल्लीत राहायचा.

"साहेब, तो रोज संध्याकायले पेटीमाईन वही काढस, लिखस आनि रडस. त्यामा त्यानं बठ्ठं पाप लिखेल शे."

जैन लोकांत रोज संध्याकाळी बसून दिवसभरातले दोष आठवण्याची रीत आहे. बहुतेक जण ते मनात आठवतात, हा कागदावर उतरवीत असे. मी त्याला वहीबद्दल विचारले मात्र, त्याचा चेहरा पांढरा पडला. दोन दिवस ताठ बसलेला माणूस माझ्या पायाशी वाकला.

"साहेब, खटला भरा, फासावर द्या, पण ती वही वाचू नका. मी ती माणसांसाठी लिहीत नाही."

मला वाटले, सापडला! मी दोन पंच घेतले, दोघेही त्याच पेठेतले, आणि त्याच्या घराची झडती घेतली. पेटीत लाल कापडात बांधलेली जाड वही निघाली. पंचनाम्याला एवढेच पुरे होते की वही लाल कापडातली, पाने इतकी, अक्षर आरोपीचे. वाचायची ती ठाण्यात एकट्याने वाचता आली असती. पण कबुलीजबाब हाती लागलाय या घमेंडीत मी होतो, आणि मला साक्षीदार हवे होते. मी तिथेच, त्याच्या ओसरीवर, मोठ्याने वाचायला लागलो. आत दाराआड त्याची बायको आणि लग्न ठरलेली मुलगी उभी होती.

सुरुवातीची पाने ऐकून शिपाई हसायला लागला. 'दळणात दोन किडे गेले.' 'नोकरावर आवाज चढवला.' 'शेजाऱ्याची भरभराट पाहून जळलो.' मग मी आगीच्या दिवसाचे पान काढले. ते अजून तोंडपाठ आहे.

'आज दुपारी नदीपलीकडे भावाकडे गेलो. त्याच्या जखमा धुतल्या, जेवू घातले. पाण्यात हात घालताना मला किळस आली. ती त्याला दिसली. तो म्हणाला, दादा, राहू दे, मी धुतो. जिवंत भावाला मेलेला म्हणून सांगितले, हे पाप जुने. किळस आली, हे पाप आजचे.'

झडतीला सोबत आणलेल्या दुकानदाराने मग मान खाली घालून सगळे सांगितले. धाकट्या भावाला महारोग झाला होता. मुलीचे लग्न अडेल या भीतीने याने तो काशीला वारल्याचे सांगून त्याचे सुतकसुद्धा पाळले होते आणि नदीपलीकडे झोपडी बांधून त्याला लपवून ठेवले होते. मी झोपडीवर जाऊन आलो. भाऊ होता. समोरच्या मळ्यातल्या माळ्यानेही सांगितले की आगीच्या वेळी दुकानदार तिथेच होता. मी त्याला त्याच दिवशी सोडले.

तोवर पंच पेठेत पोचले होते. आठवड्याच्या आत मुलीचे फैजपूरचे स्थळ मोडले.

आगीचा उलगडा माझ्या हुशारीने झालाच नाही. पंधरा दिवसांनी एक गाडीवान आपणहून ठाण्यात आला. गंजीच्या आडोशाला बिडी ओढून थोटूक त्यानेच टाकले होते. म्हाताऱ्याचे ओरडणे त्याच्या कानातून जात नव्हते. वहीची गोष्ट गावभर झाली होती, ती त्यानेही ऐकली होती. म्हणाला, "साहेब, माले लिखता-वाचता येत नई, म्हनीसन तुमले सांगाले उनू."

त्याचा जबाब लिहून घेताना मला लाल कापडातली ती वही आठवली. मीही रोज डायरी लिहीत होतोच. किती वाजता निघालो, कोणाला विचारले, काय जप्त केले. सरकारी कामाच्या त्या ढिगात मी स्वतः कुठेच नव्हतो.

पुढे भाद्रपद आला. जैनांचे पर्युषण संपले की ते घरोघर जाऊन वर्षभरातल्या अपराधांची क्षमा मागतात. त्या दिवशी सकाळी दुकानदार धुतलेले धोतर नेसून ठाण्यात आला आणि माझ्या टेबलासमोर हात जोडून उभा राहिला.

"साहेब, जाणता-अजाणता तुमचं मन दुखावलं असेल तर क्षमा करा. मिच्छामि दुक्कडं."

मी विचारले, "वही मिळाली ना परत? लिहिता का अजून?"

"मिळाली. लिहीत नाही आता. लिहायला बसलो की पाठीमागं कोणी उभं राहून वाचतंय असं वाटतं." हे तो रागाने बोलला असता तर मला बरे वाटले असते. तो निघून गेला. मुलीचे पुढे काय झाले ते कळण्याआधीच माझी बदली झाली.

तपासात कागद वाचावे लागतात, त्याला इलाज नाही. पण माणसाला स्वतःशी खरे बोलायला एक जागा लागते. तिथे शिरायचे तर जोडे बाहेर काढून शिरावे, एवढे मी शिकलो. पुढच्या नोकरीत कोणाचे खासगी लिहिणे मी पंचांसमोर वाचले नाही.

आणि दुकानदार क्षमा मागून गेला त्याच दिवशी संध्याकाळी मी पेठेतून एक कोरी वही आणली. आज अशा बऱ्याच वह्या झाल्या आहेत. माझ्यामागे त्या कोणी वाचू नयेत, असे मुलाला सांगून ठेवले आहे. पहिल्या वहीचे पहिले पान तेवढे आज मीच उघडे करतो. त्यावर दोनच ओळी आहेत.

'ज्याची क्षमा मी मागायची, तो आज माझी मागून गेला. मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही.'