आत्याच्या इंग्रजी शेळ्या

होटगीची माझी आत्या शेळ्यांना इंग्रजीत हाका मारायची. इंग्रजीही साधंसुधं नव्हे. "ए ऑब्स्टिनेट, चल की!" असं ती ओरडली की चारी पाय रोवून उभी असलेली काळी शेळी आणखीच हटून बसायची.

आत्याचे यजमान, आमचे काका, रेल्वेत होते. ते गेल्यावर त्यांची जाडजूड डिक्शनरी मागे राहिली आणि ती नुसती धूळ खात पडलेली आत्याला बघवेना. करडू झालं की ती आधी त्याचे गुण बघायची, मग चष्मा लावून शब्द धुंडाळायची. गावात कुणाच्याही स्वयंपाकघरात सापडायची ती युबिक्विटस. धार काढताना आढेवेढे घ्यायची ती रिलक्टंट. पुढे पुढे शेजारची वहिनी नवऱ्यालाही रिलक्टंट म्हणू लागली होती.

मी बँकेच्या परीक्षेत दोनदा इंग्रजीतच आपटले, तेव्हा वडिलांनी जाहीर केलं, यंदा नाही जमलं तर मुकाट्याने लग्न. आत्या कडाडली, "पोरीला माज्याकडं धाडा. शब्दामागं उन्हातानात हिंडल्याबिगर त्यो डोस्क्यात बसत न्हाय."

हिंडले. पहिल्याच दिवशी दिसेल ते खाणाऱ्या व्होरेशियसने माझ्या शब्दांच्या पुस्तकाची निम्मी पानं फस्त केली. मी रडकुंडीला आले. आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे, सुनीते. पुस्तक गेलं तरी शेळी तुज्या म्होरं हाय की."

परीक्षेत पडद्यावर शब्द यायचा आणि त्यामागून शेळी. एकदा तर मी चक्क "हुर्र!" केलं आणि पर्यवेक्षकांची बोलणी खाल्ली. पण पास झाले. नेमणूक मिळाली थेट गोंदियाला. निघताना आत्या स्टेशनवर आलीच नाही. "शेळी व्यायलीय," एवढाच निरोप. मला फार वाईट वाटलं, रागही आला.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. "त्या येळच्या करडाला शब्दच गावंना बग. चरायला लांब जातंय, पर सारकं वळून घराकडं बगतंय. समदी डिक्शनरी पालथी घातली."

"नॉस्टॅल्जिक ठेव की."

"ते लई रडकं वाटतंय. हे उड्या मारतंय."

"मग काय ठेवलंस?"

तेवढ्यात मागून बारीकसं बेंऽऽ ऐकू आलं आणि फोन कानाशी धरूनच ती ओरडली, "सुनीते, लांब जाऊ नगं!"

"नाही गं जात, आत्या."

"तुला न्हाय म्हनले," आत्या म्हणाली.