ओलेटानं उघडलेलं स्टिअरिंग

ओलेटा स्टिल्टनरला घाटाची भीती वाटायची, हे आमच्या केंटकीच्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा भाऊ त्याच घाटात गेला. वळण डावीकडे होतं, गाडी सरळ गेली. तेव्हापासून ती ट्रक फक्त शाळेच्या स्वयंपाकघरापर्यंत न्यायची, तेवढा रस्ता सपाट होता म्हणून. घाट उतरायचा तो तिच्या नवऱ्यानं, हॉबर्टनं.

पण खाणीतल्या धुळीनं हॉबर्टची फुप्फुसं खाल्ली. नाकात ऑक्सिजनची नळी आली, दर आठवड्याला खालच्या दवाखान्यात जाणं आलं, आणि न्यायचं ओलेटानंच. नेमकं तेव्हाच जुन्या ट्रकच्या स्टिअरिंगमधून तेल गळायला लागलं. चाक बरंच फिरवलं तरी गाडी वळायचं नाव घेईना.

"स्टिअरिंगची पेटी खोलून नीट करावी लागेल," हॉबर्ट म्हणाला. "मी सांगतो, तू कर."

"मी? अरे, मी शाळेत बटाटे सोलते!"

"मग झालं तर. हेही सोलायचंच आहे."

मी शेजारीण. आम्ही दोघींनी ती जड पेटी ट्रकखालून ओढून काढली आणि ओसरीवरच्या टेबलावर ठेवली. आतले पोलादी गोळ्यांसारखे छर्रे ओलेटानं मफिनच्या साच्यात ओतले आणि एकेक धुऊन पुसायला घेतला.

"एखादा घालायचा राहिला तर?" तिनं विचारलं.

"तर चाक अडकेल."

"कुठे?"

हॉबर्टनं साचा तिच्याकडे सरकवला. तिनं सगळे छर्रे पुन्हा मोजले.

तेल अडवणारी नवी सीलं बसली, पेटी जागेवर गेली. पुढची चाकं जॅकवर उचललेलीच होती. ओलेटा आत बसली, स्टिअरिंग धरलं आणि इंजिन चालू केलं.

स्टिअरिंग आपलं आपण गरकन फिरलं, थेट उजवीकडे, टोकापर्यंत. तिचा अंगठा मधल्या दांड्यात सापडला. ती ओरडली नाही. इंजिन बंद करून उतरली आणि कुंपणापाशी जाऊन उभी राहिली.

"उजवीकडे गेलं, हॉबर्ट. दरीच्या बाजूला."

हॉबर्टचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझंच चुकलं गं. पेटीवरचा तेलाचा व्हॉल्व्ह मधोमध बसलेला नाही, म्हणून तेल एकाच बाजूला दाबतंय. हात लांब ठेव म्हणून सांगायला हवं होतं मी."

इंजिन चालू ठेवूनच तो व्हॉल्व्ह हातोडीनं ठोकून सरकवावा लागतो. पंखा शेजारीच गरगरत असतो. "मी करते, तू बस," मी म्हटलं.

"नको. घाट मला उतरायचाय."

सुजलेल्या अंगठ्यानं तिनं हातोडी धरली. एक टकटक केली, तर स्टिअरिंग डावीकडे पळालं. परत उलटी टकटक. ते थरथरलं, रेंगाळलं, आणि शेवटी मधोमध उभं राहिलं. आम्ही तिघंही बराच वेळ त्याच्याकडे नुसते बघत राहिलो, आता फिरेल, मग फिरेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी दवाखाना. तिनं मला सोबत घेतलं. आमच्याकडे रस्त्याच्या उजवीकडून चालवतात, म्हणून उतरताना दरी आमच्याच कडेला होती. ती इतकी हळू चालवत होती की मागचा लाकडांचा ट्रक सारखा भोंगा वाजवत होता. भावाचं वळण आलं तसा हॉबर्टचा हात नकळत स्टिअरिंगकडे गेला.

"हात मागे घे," ती म्हणाली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

ट्रक वळला. अगदी मुकाट्यानं, तिनं वळवला तेवढाच. खाली पोचल्यावर तिनं गाडी कडेला घेतली, दार उघडलं आणि रस्त्यावर ओकली.

"परत वरही जायचंय," तोंड पुसत ती म्हणाली.

"वर जाताना आपण डोंगराच्या बाजूला असतो," हॉबर्टनं समजावलं.

"गप्प बस तू."

हॉबर्ट वारेपर्यंत, सबंध हिवाळा, तिनं तो घाट उतरला. भीती काही गेली नाही. दवाखान्यापाशी गाडी थांबली की ती हात मांडीवर ठेवून तशीच बसून राहायची, आणि ती दार उघडेपर्यंत हॉबर्टही आपलं दार उघडायचा नाही.