माझ्याच अक्षरातली तक्रार

तक्रारदार : दाना ओली या गल्लीत आम्ही भाड्याने राहतो त्या घरातले इतर सात भाडेकरू. नावे देत नाही; रोज जिन्यात भेटतात.
विरुद्ध पक्ष : वरच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या निवृत्त ख्रिस्ती परिचारिका. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात.
तक्रारीचा दिनांक : दिवाळीनंतरचा पहिला सोमवार.
साक्षीदार : माझी पत्नी.
लेखक : मी स्वतः.

कचेरीसमोर टेबल मांडून मी वीस वर्षांहून अधिक काळ अर्ज लिहीत आहे. शिक्षण आठवीपर्यंतच झाले. तथापि माझा मसुदा शिकलेले वकीलही न बदलता पुढे पाठवतात, हे नमूद करणे आवश्यक आहे.

भाडेकरूंचे म्हणणे एवढेच होते की रविवारी दुपारी सिस्टरकडे चार म्हाताऱ्या येऊन प्रार्थना गातात आणि झोपमोड होते. एवढ्याशा तक्रारीची दखल कोणी घेत नाही. म्हणून धंद्याच्या सवयीने मी ‘अनोळखी इसमांचा जमाव’ आणि ‘शांतताभंग’ हे शब्द आपल्या पदरचे घातले. घरमालकाने ते वाचून सिस्टरना महिनाभरात खोली सोडण्यास सांगितले.

माझ्या पत्नीच्या पायाला मधुमेहाची जखम आहे. तिची पट्टी रोज सकाळी सिस्टर बदलतात. दुसऱ्या दिवशीही त्या आल्या, पट्टी बांधली आणि पिशवीतून तक्रारीची प्रत काढली.

“भाऊ, याचं उत्तर लिहून द्या.”

“दुसऱ्या कोणाकडून लिहवून घ्या, सिस्टर. मला सवड नाही.”

“अक्षर ओळखलं मी. वहिनींच्या गोळ्यांच्या वेळा भिंतीवर तुम्हीच लिहून चिकटवल्यात ना?”

पत्नीने कागद ओढून घेतला. “अहो, जमाव कसला? त्यातल्या एकीला तर जिना चढवत नाही, मागून ढकलावं लागतं!”

मी खाली पाहत विचारले, “माहीत होतं, तरी आज आलात?”

“जखम वहिनींची आहे. आणि शेजाऱ्यावर प्रेम करा, असं प्रभूनं सांगितलंय. शेजारी बदलून मिळायची सोय ठेवली नाही त्यानं.” त्या हसल्या. “ठेवली असती, तर पहिला अर्ज मीच केला असता. तोही तुमच्याकडूनच लिहवून घेतला असता.”

मी उत्तर लिहिले. माझेच एकेक वाक्य खोडून काढले. इतक्या वर्षांत मी कागदाच्या तळाशी फक्त लेखक म्हणून सही केली होती. त्या दिवशी प्रथमच अर्जदार म्हणून केली आणि कागद स्वतः घरमालकाकडे नेला.

“क्या वकीलसाहेब,” तो म्हणाला, “आधीचं खोटं की हे?”

“आधीचं. जमाव मी जमवला होता, कागदावर.”

“बघतो,” एवढेच तो बोलला. मुदत संपायला आता आठ दिवस उरले आहेत. वर सिस्टरची भांडी खोक्यात भरली जात आहेत. आज सकाळी त्या पट्टी बदलताना पत्नीला शिकवत होत्या, पुढे तिची तिला कशी बांधता येईल ते. पत्नीने शिकण्यास साफ नकार दिला.

सबब विनंती की, घरमालकांनी खोली सोडण्याचा आदेश मागे घ्यावा आणि सातही शेजाऱ्यांनी यावर सह्या कराव्यात. उत्तर लेखी द्यावे, आणि शक्यतो सकाळी आणून द्यावे. त्या वेळी सिस्टर आमच्याकडेच असतात.